फुकट तिकीट आणि वर छत्री: भारतीय समुद्रावरील मक्तेदारीची कथा

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी तुतिकोरिनच्या बंदरात एका ब्रिटिश आगबोट कंपनीने कोलंबोच्या उतारूंना तिकीट माफ केले, वर छत्रीही भेट दिली, असे सांगतात. हे औदार्य नव्हते. नवा भारतीय प्रतिस्पर्धी बुडवण्यासाठी केलेला तो खर्च होता. भारतीयांना स्वतःच्याच समुद्रात शिरणे इतके कठीण का झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ जहाज महाग असते, ही पहिली अडचण. दुसरी अशी की पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांना सरकारी टपालाच्या कंत्राटांचा निश्चित आधार होता. परंतु खरी तटबंदी पैशाची वा पोलादाची नव्हती, ती कागदी होती.

३/ १८७५ मध्ये कलकत्ता–इंग्लंड मार्गावरील कंपन्यांनी आपसांतील स्पर्धा थांबवून समान दर ठरवले. अशा संघास ‘कॉन्फरन्स’ म्हणत. १८७७ पासून त्यास एक जोड मिळाली: ‘डिफर्ड रिबेट’, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट.

४/ ही सूट कशी चाले? समजा, व्यापाऱ्याने सहा महिन्यांत १०,००० रुपये भाडे भरले. १० टक्क्यांप्रमाणे १,००० रुपये परत मिळायचे, पण लगेच नव्हे. पुढचे सहा महिनेही सारा माल कॉन्फरन्सच्याच जहाजांतून गेला, तरच. एक गाठोडे जरी बाहेरच्या जहाजावर चढले, तरी साठलेली सूट बुडाली.

५/ आता नव्या कंपनीचा विचार करा. तिच्याकडे एखाददुसरे जहाज. ते निघून गेल्यावर उरलेला माल कॉन्फरन्सकडेच न्यावा लागणार. म्हणून नवी कंपनी स्वस्त असूनही व्यापाऱ्याला परवडत नसे. त्याचाच पैसा त्याच्या पायातली बेडी होई.

६/ १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी ‘निप्पॉन युसेन कैशा’ या जपानी कंपनीच्या साथीने मुंबई–जपान मार्गावर जहाजे सोडली. टनामागे दर १२ रुपये, म्हणजे प्रचलित दराहून बराच कमी. प्रतिस्पर्ध्यांनी तो दीड-दोन रुपयांवर आणला. टाटांची जहाजे थांबली.

७/ जपानी कंपनी मात्र टिकली. जपानी सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस तिच्याच जहाजांतून आणण्याची हमी दिली होती, आणि तिच्यामागे सरकारही उभे होते. मुंबईच्या व्यापाऱ्यांत अशी एकजूट नव्हती आणि सरकार तर परकेच होते. दोन निकालांतला फरक येथे आहे.

८/ १९०६ मध्ये लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी मानणारे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. दरयुद्ध पेटले, आरंभीची छत्री याच युद्धातली. १९०८ मध्ये चिदंबरम राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली.

९/ तरीही ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून ‘लॉयल्टी’ हे जहाज लंडनकडे निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीचे हे जहाज, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन ठरला.

१०/ पी अँड ओ व ब्रिटिश इंडिया यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांनी कंपनीच विकत घेऊ पाहिली. वालचंद बधले नाहीत. पुन्हा दरयुद्ध झाले. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला: जहाजांच्या एकूण टनभारावर मर्यादा, आणि व्यापार मुख्यतः किनारी मालवाहतुकीपुरता. सिंदिया जगली, पण कुंपणाच्या आत.

११/ १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ते परकीय सत्तेत मार्गी लागले नाही. हे आरक्षण स्वातंत्र्यानंतरच प्रत्यक्षात आले.

१२/ दर पाडले की ग्राहकाला आनंद होतो, आणि तो क्षणभर रास्तही असतो. पण छत्री वाटणाऱ्याने प्रतिस्पर्धी गेल्यावर तिकिटाचा दर कितीवर नेला, हे विचारायला तेव्हा दुसरी बोटच बंदरात नसते. स्वस्ताई कोणाची आणि कुठवर, हा प्रश्न म्हणून इतिहासालाही विचारावा.