मिलो नावाचा बोका आणि बहात्तर सालची भूक

आमच्या घरच्या बोक्याचं नाव मिलो. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात नांदेडला देगलूर नाक्याकडून घरी येताना माझ्या धाकट्या भावाला तो एका बंद शटरसमोर सापडला. भिजलेला, बरगड्या मोजता येतील असा, अंगावर विरळ तांबडे केस. नानीने चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मिलो सरीखा रंग है इसका." आम्हा भावंडांना वाटलं, दुधात घालायच्या पावडरीबद्दल बोलते आहे. अम्मीला मात्र कळलं, आणि ती हसली नाही.

मिलो म्हणजे लाल ज्वारी. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळालेली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तिची भाकर कशी व्हायची ते तोंड वाकडं करून सांगतील. पण खाल्ली सगळ्यांनी.

बोक्याचं पुढचं वागणं नावाला शोभेल असंच निघालं. समोर ठेवलेलं तो चावत नव्हता, गिळत होता. पोट नगाऱ्यासारखं झालं तरी थांबायचा नाही. मग ओकायचा, आणि ओकलेलं पुन्हा खायचा. भाकरीचं फडकं ओढून काढणं, कच्ची कणीक खाणं, कचऱ्याची पिशवी फाडणं हे रोजचंच. खाताना जवळ गेलं तर गुरगुरायचा. भावाच्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. आला तेव्हा दोन किलोचा होता, चार महिन्यांत सहाच्या घरात गेला. मी इंटरनेटवर अर्धवट काहीतरी वाचून त्याला दिवसातून एकदाच खायला द्यायचं ठरवलं. परिणाम असा झाला की तो रात्रभर फ्रिजच्या दाराशी बसून ओरडू लागला. तिसऱ्या रात्री नानी उठून आली आणि म्हणाली, "भूक नई है उसकू. डर है."

हे वाक्य नानीच्या तोंडून आलं म्हणून मी थांबले. कारण आमच्या घरात उशाखाली भाकर ठेवणारी दुसरी कुणी नाही.

नानीचं सासर औसा तालुक्यातलं. तेव्हा तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता, लातूर जिल्हा 1982 साली झाला. बहात्तरला नानी बावीस वर्षांची होती, कडेवर अम्मी. 1970 पासूनच पाऊस ओढ देत होता. बहात्तरला त्याने हातच आखडला. मराठवाड्यातल्या विहिरी कोरड्या पडल्या, आणि शेतकरी-मजूर, पाटील-फकीर सगळे खडी फोडायला एका रांगेत बसले. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामं निघाली. मे 1973 मध्ये राज्यभरात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर होती. गूळ-तेल घालून केलेली कोरडी सुकडी वाटली जायची. पडदा पाळणाऱ्या घरातली नानी डोक्यावर पदर घट्ट बांधून घमेली उचलत होती. ती सांगते की सुकडीचा अर्धा घास ती पदराच्या गाठीत ठेवायची, अम्मीसाठी. उरलेला अर्धा खाताना कुणी बघतंय का ते बघायची.

त्या दुष्काळाने एक मोठं काम करून ठेवलं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, 1977 साली तिचा कायदा झाला, 1979 च्या प्रजासत्ताकदिनापासून तो लागू झाला, आणि पुढे 2005 च्या केंद्राच्या कायद्यामागेही तोच अनुभव होता. इतिहासाची पुस्तकं हे अभिमानाने सांगतात, सांगायलाच हवं. त्या काळात भुकेने माणसं मोठ्या प्रमाणावर मेली नाहीत, ही साधी गोष्ट नाही. पण नानीला विचाराल तर ती कायद्याबद्दल बोलत नाही. ती सांगते की त्यांच्या कामावर मजुरीचा दिवस ठरलेला नसायचा. कधी आठवड्याने मिळायची, कधी पंधरवड्याने. "काम का डर नई था, दिन का डर था."

आज तिच्या घरात तांदळाचं पोतं आहे, फ्रिज भरलेला आहे, नातवंडं कमावती आहेत. तरी रात्री फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकर उशाखाली जाते. लहानपणी आम्ही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

शरीराची ही सवय एकट्या नानीची नाही. नोव्हेंबर 1944 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. हे तरुण सद्सद्विवेकापोटी युद्धात लढायला नकार दिलेले. युरोपात महायुद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं, हे शिकण्यासाठी ते स्वतःहून अर्धपोटी राहिले, 24 आठवडे. त्या दिवसांत ते ताटं चाटू लागले, स्वयंपाकाची पुस्तकं जमवू लागले. त्याहून महत्त्वाची नोंद नंतरची आहे. जेवण पुन्हा मिळू लागल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खात राहिले, आणि तरीही भूक लागली आहे असंच सांगत राहिले. म्हणजे अन्न परत आलं तरी भरवसा परत आला नव्हता. मिलो त्या 36 जणांचा कुणी लागत नाही, पण त्याची वाटी पाहिली की ती माणसं आठवतात.

आता मांजराचा इतिहास. मराठवाड्याला आपली जनावरं नावानिशी माहीत आहेत. लाल कंधारी नांदेडची, देवणी लातूरची. त्यांच्या शिंगांपासून वशिंडापर्यंत सगळं लिहून ठेवलेलं आहे. मांजराबद्दल कुणी ओळ लिहिली नाही. खरं तर ज्वारीची पेवं आणि भिंतीतली बळदं ज्या मुलखात आहेत, तिथं मांजर धान्याइतकंच जुनं असणार. मांजर माणसाकडे आलं तेच धान्याच्या मागे लागलेल्या उंदरांमुळे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीजवळ माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. पेव भरलेलं असेल तर उंदीर, उंदीर असतील तर मांजर. पेव रिकामं झालं की आधी उंदीर जाणार आणि मागोमाग मांजराची उपासमार. दुष्काळाच्या नोंदीत माणसं येतात, बैल येतात, चारा येतो. मांजर येत नाही.

तरी एक नोंद आमच्या अगदी शेजारची आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीला दख्खनमध्ये दुर्गादेवीचा म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. तेव्हा गादीवर बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशहा होता. फरिश्ता लिहितो की त्याने माळवा आणि गुजरातेतून धान्य आणायला दहा हजार बैल लावले, आणि गुलबर्गा, बीदर, दौलताबाद, एलिचपूर, चौल, दाभोळ इथं अनाथ मुलांसाठी मदरसे काढले. त्या यादीत कंधारही आहे. होय, आपल्या नांदेड जिल्ह्यातलं कंधार. इतिहासकार सुलतानांची स्तुती जरा सढळ हातानेच करतात, हे धरूनच तो आकडा वाचायचा. पण दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना धान्याचा एक वाटा देऊन भागणार नाही, त्यांना रोज जेवण मिळेल अशी जागा हवी, हे सहाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं. कंधारचा किल्ला बघायला जाणारे तलवारी आणि तोफांबद्दल विचारतात. मला त्या मुलांच्या जेवणाची वेळ काय होती ते विचारावंसं वाटतं.

मांजरांसाठीही अशी सोय झालेली आहे, पण ती कैरोत. मम्लुक सुलतान बैबर्स 1277 साली वारला. त्याने आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांच्या पोटासाठी वक्फ केली होती. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन हा इंग्रज तिथं राहिला तेव्हा बाग हातोहात विकली जाऊन तिचं उत्पन्न नावापुरतं उरलं होतं. वक्फच्या जमिनींचं काय होतं हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण काझीने शब्द मोडला नव्हता. रोज असरच्या वेळी काझीच्या कचेरीच्या अंगणात खाणं यायचं आणि शहरातली मांजरं त्या वेळेला जमायची. मला त्या गोष्टीतला सुलतान फार मोठा वाटत नाही. असरची वेळ मोठी वाटते.

आमच्यात मांजराचं नाव निघालं की लोक अबू हुरैरा यांच्याबद्दल सांगतात, ज्यांचं नावच मांजरीच्या पिलावरून पडलं. कौतुकाची गोष्ट आहे. मांजर कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मात्र आपण जरा घाईने सांगून मोकळे होतो. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. त्या बाईने मांजराला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमुंगी शोधून खायला सोडलंही नाही, या दोन्ही गोष्टी तिथं एकत्र सांगितल्या आहेत. गल्लीतल्या मांजराला एक दिवस काही दिलं नाही तर ते दुसरं दार बघेल. फ्लॅटमध्ये दार लावून ठेवलेल्या मांजराला दुसरं दार नाही. मी मिलोची वाटी उचलून घेतली, तेव्हा मी तेच करत होते.

नानीच्या त्या वाक्यानंतर आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी न्यायला हवं होतं. अति भूक जंतांमुळे, साखरेच्या आजारामुळे, वयस्क मांजरांत थायरॉईडमुळेही लागते. ते न तपासता स्वभावाला दोष देणं चूक. मिलोच्या पोटात जंत होते, बाकी रक्त ठीक निघालं. डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी खाल्ल्याविना राहिलं तरी चरबी यकृतात साचून जिवावर बेतू शकतं. वजन उतरवायचं ते हळूहळू, आठवड्याला शंभरात एक भाग एवढंच.

मग वेळा ठरल्या. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. तेवढंच खाणं मोजून पाच भाग केले. घड्याळ लावायचं की अजान, यावर घरात थोडी चर्चा झाली. नानी घड्याळ बघत नाही, म्हणून अजान ठरली. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा. एका वेळी थोडंसंच: उकडलेली कोंबडी, मांजराचं तयार खाणं, मीठ-मसाला, कांदा-लसूण काही नाही. वाटीऐवजी पसरट ताटलीत विखरून, म्हणजे गिळता येत नाही. ओरडला तर काही द्यायचं नाही, रागवायचंही नाही. अजान झाली की मात्र एक मिनिट उशीर नाही. कचऱ्याच्या डब्याला झाकण, भाकरी डब्यात बंद. खाण्याआधी दोरीने दहा मिनिटं खेळ. खाताना कुणी जवळ जायचं नाही. इटलीत पादुआच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2012 साली अशाच हावरट झालेल्या एका सयामी मांजराची हकीकत छापली होती. त्यातही औषधापेक्षा वागणुकीवर आणि ताण कमी करण्यावर भर होता, आणि त्यालाही महिने लागले होते.

पहिले तीन आठवडे काही फरक नव्हता. मग फजरनंतरचं ओरडणं कमी झालं. रमजानमध्ये भीती होती, घराचं सगळं वेळापत्रकच बदलतं. पण अजानला बांधलेल्या वेळा तशाच राहिल्या आणि इफ्तारला मिलो दस्तरखानापासून हातभर लांब बसून आपल्या ताटलीची वाट बघू लागला.

मध्ये एकदा सगळं बिनसलं. लातूरला खालाकडे लग्न होतं, तीन दिवस. शेजाऱ्यांनी मायेने तिन्ही दिवसांचं खाणं एकदम ओतून ठेवलं. मिलोने ते एका संध्याकाळी संपवलं, ओकला, आणि आम्ही परतलो तेव्हा पुन्हा भावावर गुरगुरला. पुन्हा पहिल्यापासून.

त्याच लग्नात खालाच्या मोरीत मी सात बादल्या, दोन टाक्या आणि झाकणाचे चार हंडे भरलेले पाहिले. नळाला पाणी होतं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. खाला तेव्हापासून रिकामं भांडं बघू शकत नाही. मी हंड्यांकडे बघतेय हे पाहून ती म्हणाली, "माहितीये गं मला. तरी भरते."

गेल्या आठवड्यात इशाच्या ताटलीत कोंबडीचे दोन तुकडे उरले. मिलो त्यांच्याकडे पाठ करून पाय चाटत बसला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी भावाला हाक मारली, अम्मी आली, आम्ही तिघंही त्या दोन तुकड्यांकडे बघत उभे राहिलो. नानी मागून आली, ताटली उचलली, तिच्यावर दुसरी ताटली झाकली आणि फडताळात नेऊन ठेवली.