शब्दवेध : पॅराव्हर्च्युअलायझेशन

‘पॅरा’ हा ग्रीक उपसर्ग. अर्थ शेजारचा, बाजूचा. ‘व्हर्च्युअल’च्या मुळाशी लॅटिन ‘व्हर्टस’ आहे, म्हणजे अंगचा गुण, सामर्थ्य. वस्तू प्रत्यक्ष नाही, पण तिचा गुण हजर आहे, ते व्हर्च्युअल. हा जोडशब्द २००२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘डेनाली’ प्रकल्पाने वापरला आणि पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या ‘झेन’ प्रकल्पामुळे तो गाजला.

एकाच यंत्रावर अनेक ‘पाहुण्या’ ऑपरेटिंग सिस्टिम चालवायच्या आणि प्रत्येकीला खरं यंत्र मिळाल्याचं भासवायचं, यात अडचण एक्स८६ प्रोसेसरची होती. त्याची ‘पॉपएफ’ ही आज्ञा बघा. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमने तिच्यामार्फत इंटरप्ट बंद करायला घेतले, तर तेवढा अधिकार नसल्याने प्रोसेसर ती मागणी गुपचूप गिळून टाकतो, एररसुद्धा देत नाही. मग यंत्राचा ताबा असलेल्या हायपरव्हायझरला कळणार कसं? पॅराव्हर्च्युअलायझेशनने खऱ्या यंत्राचं सोंगच सोडलं. पाहुण्या सिस्टिमच्या कर्नलमध्ये बदल करून अशा जागी ‘हायपरकॉल’ घातला : हायपरव्हायझरला थेट हाक. हा उघड व्यवहार मला फार मोलाचा वाटतो. पुढे इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय केली. तरी डिस्क आणि नेटवर्कसाठीचे ‘व्हर्टआयओ’ ड्रायव्हर आजही याच रीतीने चालतात.