तंबोऱ्यावरची चिठ्ठी : कारागीर ओळखायचा कसा?

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत, भजनी मंडळांत एखादा तरी तंबोरा नाहीतर सतार गवसणीत बांधून ठेवलेली असते. तार तुटलेली, खुंटी हरवलेली. घरचे सांगतात, ‘आजोबांच्या वेळची आहे, मिरजेची आहे.’ आता मिरजेची म्हणजे नेमकी कोणाच्या हातची? आणि कधीची? आज आपण एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत.

आधी मिरजेचा इतिहास थोडक्यात पाहू. पटवर्धनांच्या या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे शिकलगार बंधू वाद्यं घडवू लागले. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात शस्त्रांचं काम आटलं आणि तोच हात लाकडाकडे, तारेकडे वळला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, आणि तिथल्या तंबोऱ्याची कीर्ती देशभर गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला न्यायशास्त्राचा वाटतो. तिथे ज्ञानाची साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. वाद्यावर चिकटवलेली चिठ्ठी हे शब्दप्रमाण. पण शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासाचा असेल तेव्हा. चिठ्ठी काही स्वतः साक्ष काढत नाही. ती कोणीही, केव्हाही चिकटवू शकतो.

व्हायोलिनचं उदाहरण घ्या. इटलीतल्या क्रेमोना गावचा स्ट्रॅडिव्हरी १७३७ साली वारला. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी जर्मनी-बोहेमियातल्या कारखान्यांतून निघालेल्या हजारो व्हायोलिनांत त्याच्याच नावाची चिठ्ठी आहे. मग खोटेपणा ओळखायचा कसा? १८९० च्या अमेरिकी आयात कायद्याने मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे चिठ्ठीवर स्ट्रॅडिव्हरीच्या खाली ‘जर्मनी’ असं छापलेलं दिसलं की निकाल लागला. गंमत बघा, नाव खोटं बोलतं आणि खालची बारीक ओळ खरं बोलते.

आपल्याकडेही हीच युक्ती चालते. नावापेक्षा पत्ता वाचा. ‘मिरज, एस. एम. सी.’ म्हणजे सदर्न मराठा कंट्री, असा पत्ता संस्थानी काळाकडे बोट दाखवतो. ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेल तर फारच उत्तम! आजच्या सांगली जिल्ह्याचं हे नाव १९४९ ते १९६० एवढंच टिकलं. सहा आकडी पिनकोड असेल तर चिठ्ठी १९७२ नंतरची. नुसतं ‘मुंबई ४’ किंवा ‘कलकत्ता ६’ असेल तर बहुधा त्याआधीची. बहुधा अशासाठी, की जुने छापील कागद संपेपर्यंत वापरले जातात.

आता आपल्या भागाचं बघू. अमरावती-अकोल्याच्या दुकानाची चिठ्ठी असेल आणि ‘सी. पी. अँड बेरार’ लिहिलं असेल, तर ती १९५० पूर्वीची. मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, १९६० पर्यंत मुंबई राज्य, आणि त्यानंतर महाराष्ट्र. आपण घर बदललं नाही, पण राज्यं बदलली. त्याचा असा उपयोग होतो. मात्र ही विकणाऱ्याची चिठ्ठी झाली. तिच्यावरून वाद्य कुठे विकलं गेलं ते कळतं, कोणी घडवलं ते नाही.

नावातही एक चकवा आहे. ‘सतारमेकर’ हे मिरजेत आडनावच झालं आहे आणि ते अनेक घरांचं आहे. ‘सतारमेकर लिहिलंय, म्हणजे अमक्याचंच’ असं म्हणणं हा हेत्वाभास. जे लक्षण पाच घरांत सापडतं, त्यावरून एक घर सिद्ध होत नाही. शिवाय आजोबांच्या नावाचं दुकान नातूही चालवतो.

मग अनुमानासाठी वाद्याचं अंग बघायचं. व्हायोलिनच्या झरोक्यातून आत डोकावता येतं. तंबोऱ्याला सहसा तशी सोय नाही. तबली उघडली तरच आतल्या खुणा दिसतात. बाहेरून भोपळ्याचा घाट, गळ्याचा जोड, खुंट्यांची कोरणी, तबलीच्या कडेची नक्षी पाहायची. नक्षी हस्तिदंताची की सांबरशिंगाची की सेल्युलॉइडची, हेही पाहायचं. पण खुंट्या, घोडी, तारा बदलत असतात, म्हणून त्यांची साक्ष दुय्यम. एकच खूण पुरत नाही. चार स्वतंत्र खुणा एकाच घराकडे बोट दाखवू लागल्या, तर ‘बहुधा’ म्हणायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? एक तर व्यवहार आहे. शंभर वर्षांवरचं वाद्य १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतं, मग ते परदेशी पाठवता येत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. गवयाचं नाव ध्वनिमुद्रिकेवर राहतं. त्याच्या मागे ज्याचा तंबोरा बोलत होता, त्या कारागिराचं नाव एवढ्याशा कागदावर असतं. आणि आपण काय करतो? ‘जरा चकचकीत करून द्या’ म्हणून वाद्य पॉलिशला देतो. चिठ्ठी खरवडली जाते, आणि त्या माणसाचा उरलासुरला पुरावा भुशात जातो.

म्हणून एवढंच करा. दुरुस्तीला देण्याआधी चिठ्ठीचे आणि वाद्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तबली उघडणार असतील तर आतलाही फोटो मागा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून ठेवा, पण ‘असं सांगतात’ हे शब्द गाळू नका. आणि अर्धवट फाटलेली चिठ्ठी असली तरी ती आहे तिथेच राहू द्या. उद्या कोणी जाणता येईल, त्याला ती वाचू द्या.