पहिले पिस्तूल कोणते? नेमबाजीच्या शिक्षणातील एका निवडीचा इतिहास

कामोठे ही पनवेल तालुक्यातील वसाहत. खाडीकाठच्या भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या या प्रदेशात १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवे नगर आखले आणि मुंबईच्या उपनगरांत जागा न परवडणारा नोकरदार वर्ग येथे येऊन स्थिरावला. २०१६ पासून हा भाग पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा वसाहतीतील एखाद्या घरी बारा-तेरा वर्षांची मुलगी 'मला पिस्तूल-नेमबाजी शिकावयाची आहे' असे म्हणते, तेव्हा तिच्या वडिलांपुढे प्रथम उभा राहणारा प्रश्न 'पिस्तूल घ्यावयाचे ते कोणते?' हा होय. प्रश्न बाजारातील वस्तूच्या निवडीचा दिसतो. पाश्चात्त्य देशांतून, विशेषतः अमेरिकेत, तो तसा आहेही. तेथे दुकानाच्या फळीवर पन्नास प्रकार मांडलेले असतात आणि नवशिक्याने त्यांतून एक उचलावयाचे असते. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाने क्वचितच दिलेले आहे. ते प्रथम कायद्याने दिले, नंतर आयातीच्या धोरणाने दिले आणि अखेरीस क्रीडामंडळांच्या व्यवहाराने दिले. त्या उत्तराचा इतिहास पाहिल्याखेरीज आजची निवड नीट समजत नाही.

मराठी सार्वजनिक जीवनात पिस्तूल आले ते खेळाचे साधन म्हणून नव्हे. १८७८ च्या अकराव्या अधिनियमाने, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. युरोपियनांना मात्र नियमान्वये सूट होती. या भेदाविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव केले. सूट आणि बंदी यांतील हा वर्णभेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर. मधल्या काळात पुण्यास २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. लंडनहून छुप्या मार्गाने आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांचे प्रकरण त्या खटल्यांत गाजले. याचा परिणाम दुहेरी झाला. जनमानसात पिस्तूल हे क्रांतिकारकाचे चिन्ह झाले आणि सरकारी दप्तरात ते खिशात लपविता येण्याजोगे, म्हणून विशेष संशयाचे हत्यार ठरले. बंदूक शेतकऱ्याच्या किंवा शिकाऱ्याच्या हाती कल्पिता येत असे. पिस्तुलाला असे निरुपद्रवी घर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर वातावरण पालटले. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली आणि महाविद्यालयीन तरुणांच्या हाती शिस्तीने .२२ ची रायफल आली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक-अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा पुढे भरविल्या गेल्या. मुंबईत वरळीच्या रेंजवर महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे काम चाले. या सर्व संस्थांच्या नावांत 'रायफल' हा शब्द आहे, हे केवळ नामकरणाचे वळण नव्हे. नागरिकाने शस्त्र चालविण्यास शिकावे, या त्या काळच्या कल्पनेत शस्त्र म्हणजे खांद्यास लावावयाची रायफल होय. पिस्तूल त्या कल्पनेत फारसे बसत नव्हते.

याचा निर्णायक पुरावा १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात परवाना देण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत आणि त्यांतील भेद अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटतो. पहिल्या भागात परवाना-अधिकाऱ्याने परवाना 'द्यावयाचाच' अशी भाषा आहे. तेथे दोनच प्रकारची माणसे येतात : स्वसंरक्षणासाठी, खेळासाठी वा पिकाच्या राखणीसाठी विशिष्ट लांबीची गुळगुळीत नळीची अथवा तोंडाने ठासावयाची बंदूक मागणारा नागरिक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद असून निशाण साधण्याच्या सरावासाठी .२२ ची रायफल किंवा हवेची रायफल मागणारा. बाकी सर्वांना दुसरा भाग लागू होतो. तेथे 'सबळ कारण' आहे असे अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. पिस्तूल-नेमबाज या दुसऱ्या भागात पडतो. म्हणजे रायफलने निशाण साधू पाहणाऱ्यास कायदा ओळखतो, पिस्तुलाने साधू पाहणाऱ्यास ओळखत नाही. तो त्यास मनाईही करीत नाही; पण त्याची बाजू त्याने प्रत्येक वेळी नव्याने मांडावयाची असते. आणि ज्याच्यापुढे मांडावयाची तो जिल्हादंडाधिकारी, किंवा पोलीस आयुक्तालय असेल तेथे आयुक्त. कामोठ्याच्या रहिवाशाच्या बाबतीत हे ठिकाण पूर्वी अलिबाग होते. नवी मुंबईचे आयुक्तालय झाल्यावर ते आयुक्तांकडे आले.

या चौकटीत 'पहिले पिस्तूल' म्हणून जे हाती पडे, ते नेमबाजीच्या दृष्टीने बहुधा चुकीचे असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी हत्यारांची आयात बंद झाली. नामांकित नेमबाजांस तेवढी सूट राहिली. उरले ते सरकारी आयुधनिर्माणींत तयार होणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर. आता .३२ या आकड्याने फसगत होते. सेंटरफायर पिस्तूल या स्पर्धाप्रकारात .३२ ची काडतुसे शिष्टसंमत आहेत, आणि मुंबईचे अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. परंतु स्पर्धेचे .३२ आणि घरात ठेवावयाचे .३२ यांत नावापलीकडे साम्य थोडे. दुसऱ्याची नळी तोकडी, साइट जागच्या जागी पक्की बसविलेली, चाप जड, मूठ सर्वांना सारखी. ते जवळच्या अंतरावर, घाईत, जीव वाचविण्यासाठी घडविलेले आहे. अशा हत्याराने शिकणाऱ्याच्या मनगटास प्रथम धक्क्याची व कानास आवाजाची भीती शिकविली जाते. गोळी सुटण्यापूर्वीच हात दचकतो, आणि एकदा जडलेली ही खोड जाण्यास महिने लागतात. परवाना संरक्षणासाठी मिळालेला, हत्यार संरक्षणाचे, आणि अपेक्षा निशाणाची, असा हा विपर्यास होता. वस्तुतः त्यात शिकणाऱ्याचा दोष नव्हता. त्यास मिळू शकणारे ते एकच पिस्तूल होते.

यातून मार्ग निघाला तो परदेशी क्रीडासंघटनांच्या निर्णयांमुळे, आणि कायद्यातील एका जुन्या फटीमुळे. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर बंदुकीच्या दारूवर निर्बंध आल्याने हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे सुधारण्याकडे कारखानदारांचे लक्ष गेले. वॉल्थर कारखान्याचे एलपी ५३ हे पिस्तूल त्या काळचे. (जेम्स बाँडच्या गाजलेल्या जाहिरातचित्रात नटाच्या हाती जे भेदक हत्यार दिसते, ते हेच निरुपद्रवी हवेचे पिस्तूल होय; छायाचित्राच्या वेळी खरे पिस्तूल हाताशी नव्हते, असे सांगतात.) फाइनव्हेर्कबाऊच्या १९६५ च्या नमुन्यात स्प्रिंगचा धक्का हातापर्यंत पोचू नये अशी योजना झाली, आणि येथून हवेचे पिस्तूल खेळण्याच्या पातळीवरून शास्त्रशुद्ध साधनाच्या पातळीवर आले. १९७० पासून दहा मीटर हवाई पिस्तुलाचा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत समावेश झाला व १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि स्त्रिया दोहोंसाठी तो प्रकार आला.

भारतीय कायद्यातील फट अशी की, ठराविक अंतरावरून ठराविक जाडीच्या लाकडी फळीस आरपार भेदू न शकणाऱ्या हवाई हत्यारास १९६२ च्या नियमांनी परवान्याच्या जाचातून मोकळे ठेवले होते. २०१६ च्या नियमांत फळीची जागा मोजमापाने घेतली : वीस ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेचे किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीचे हवाई हत्यार परवान्याच्या कक्षेत, त्याखालचे बाहेर. स्पर्धेच्या पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा असून सेकंदास साधारण दीडशे मीटर वेगाने निघतो. हिशेब केला तर ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते. .२२ च्या साध्या काडतुसाची ऊर्जा शंभर ज्यूलच्या वर जाते. रायफलला अनुकूल असलेल्या कायद्याने पिस्तूल-नेमबाजास जे दार उघडले नव्हते, ते या साडेपाच ज्यूलने उघडले. त्यातून वयाचीही अडचण सुटली. परवान्यासाठीची किमान मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीने सोळावरून एकवीस वर्षांवर गेली. बारा वर्षे पूर्ण झालेल्यास देखरेखीखाली सरावाची मुभा असली तरी स्वतःचे अग्न्यस्त्र दूरच होते.

कायद्याने सुचविलेली ही निवड शिक्षणाच्या दृष्टीनेही योग्य ठरली, हा योगायोग म्हणावा लागेल. छर्रा संथ असल्यामुळे चाप ओढल्यानंतरही काही क्षण तो नळीत असतो, आणि त्या क्षणात हात हलला तर कागदावर ते तत्काळ उमटते. दहा मीटरवरील 'दहा'चे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे. धक्का नाही, म्हणून चुकीस धक्क्याची सबब नाही. नियमाप्रमाणे पिस्तुलाचे वजन दीड किलोग्रॅमच्या आत आणि चापाचे ओढवजन किमान ५०० ग्रॅम असावे लागते, २५ मीटरच्या.२२ पिस्तुलास हेच ओढवजन किमान १००० ग्रॅम लागते. हलक्या चापावर बोट शिकले की जड चापावर जाणे सोपे. उलट क्रम कष्टाचा. राही सरनोबत यांचे क्षेत्र हे २५ मीटरचे पिस्तूल होय. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी अनिसा सय्यद यांच्यासह जोडीचे सुवर्ण, २०१३ मध्ये चांगवॉन येथे विश्वचषकाचे सुवर्ण आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळविले. ज्या कोल्हापुरात तेजस्विनी सावंत यांच्या रायफलने आधी वाट पाडली, तेथूनच पिस्तुलाचे हे यश यावे, यात रायफल-मंडळांच्या जुन्या परंपरेचे ऋण स्पष्ट दिसते.

पनवेल परिसरातही तीच गोष्ट घडली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हवाई रायफलच्या अंतिम फेरीत पोचलेल्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये पनवेल येथे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. कामोठ्यापासून हे अंतर फार नाही. रायफलच्या नेमबाजाने उभारलेल्या अशा ठिकाणांमुळे 'पहिले पिस्तूल' या शब्दांचा अर्थच पालटला. नवशिक्याचे पहिले पिस्तूल त्याच्या मालकीचे नसते. ते क्लबचे असते. पाच-सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढल्यानंतरच कळते की, हात लहान आहे की मोठा, प्रबळ डोळा उजवा की डावा, वजन पुढे झुकलेले सोसते की नाही. मूठ ही सर्वांत महत्त्वाची. ती लाकडाची असून तळव्याखालची तिची पट्टी वरखाली करता येते. योग्य मापाच्या मुठीत मनगट आपोआप स्थिर राहते, आणि मोठ्या मुठीवर लहान मुलीने केलेला सराव हा मुठीशी झगडण्याचा सराव होतो. हे दुकानात पाच मिनिटांत ठरत नाही.

येथपर्यंत इतिहास समाधानकारक वाटतो. तथापि कायद्याच्या दारातून जो भेद गेला, तो किमतीच्या दारातून परत आला, हे नाकारता येत नाही. स्पर्धेच्या दर्जाचे हवाई पिस्तूल जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड किंवा इटली येथून येते. त्याची किंमत लाखाहून अधिक असते, आणि छर्रे, जाकीट नसले तरी बूट, रेंजचे शुल्क हे निराळेच. १८७८ साली सूट होती ती वर्णावरून. आज अडसर आहे तो मासिक पगाराचा. म्हणून अनेक कुटुंबे जुने पिस्तूल घेतात. अशा खरेदीत नळी किंवा चाप यांपेक्षा हवेच्या सिलिंडरवरील तारीख आधी पाहावी लागते. उत्पादनापासून दहा वर्षांपलीकडे गेलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि जुन्या हवाई पिस्तुलाच्या स्वस्त किमतीत नव्या सिलिंडरचा खर्च बहुधा धरलेला नसतो.