नाणेघाट उतरताना

जानेवारी 1853. पौषातला गारठा. तुम्ही घाटघरच्या पठारावर, नाणेघाटाच्या तोंडाशी उभे आहात. इथे जमीन एकाएकी संपते आणि खाली धुरकट कोकण दिसतं. मागून एका घरचे बैल ओळीने येतात. पाठीवर बाजरीच्या गोण्या, गळ्यात घुंगरं. बाजरी कल्याणच्या बाजारात जायची, येताना खाडीकाठच्या मिठागरांचं मीठ आणायचं. बरोबर आजा, त्याचा मुलगा आणि दोन नातू.

दगडी रांजणापाशी आजा सगळ्यांना थांबवतो. उतारावर गोणी पुढे सरकून बैलाच्या मानेवर येते. म्हणून तो शेपटाखालची दुमची आवळतो, पोटाखालचा तंग ओढून बघतो आणि गोणीखालच्या घोंगडीत हात घालून वळी चाचपतो. एक वळी राहिली तरी पायथ्याला पोचेपर्यंत पाठ सोलवटते.

तुम्ही पुढच्या बैलाचा कासरा धरायला जाता.

“सोडा त्यो, पावणं,” आजा म्हणतो. “वढला तर त्येची मान वर ऱ्हाती. मग पाय कुटं टाकायचा, ह्ये त्येला दिसल का?”

कासरा शिंगांना गुंडाळला जातो. जाणता बैल मान खाली घालून अरुंद नळीत शिरतो. बाकीचे त्याच्यामागे, मध्ये अंतर ठेवून. हाकाटी नाही, चाबूक नाही. मागून रेटा आला की पुढचा घसरतो, आणि एक घसरला की खालचे सगळेच धोक्यात. म्हणून माणसंही बाजूने चालतात, बैलाच्या खाली कुणीच थांबत नाही. उतार पश्चिमेचा, त्यामुळे सकाळभर सावली असते. दुपारी हेच दगड भाजतात.

नळीलगतच्या लेण्यापाशी आजा बैल मोजतो. आतल्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी त्यात आकड्यांनी नोंदल्या आहेत, कुठे 1,700, कुठे 10,001. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी हे अंक. आजाला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण दोन हजार वर्षांनंतरही याच जागी गुरं मोजली जातात. मला हा घाट सर्वांत मोठा वाटतो तो इथेच.

आता खरी उतरण. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. बैल डांगी, काळ्या टणक खुरांचे, पावसात भिजलं तरी पाणी न धरणाऱ्या तेलकट कातडीचे. खूर टेकतो, दगड चाचपतो, मगच अंगाचा भार पुढे येतो. तुम्ही मात्र धसाधस उतरता आणि तुमच्या पायाखालची खडी खालच्या बैलावर जाते. धाकटा नातू तुमच्याकडे वळून बघतो. काही बोलत नाही. पुढचं पाऊल तुम्ही जपून टाकता.

गेल्याच कार्तिकात, 18 नोव्हेंबर 1852 ला, मुंबईहून ठाण्यापर्यंत चाचणीची गाडी धावली. येत्या 16 एप्रिलला प्रवासी बसतील. 1 मे 1854 ला रूळ कल्याणला भिडतील, 1863 मध्ये बोरघाट चढतील, 1865 मध्ये थळघाट. मग देशावरचा माल या नळीतून कशाला येईल? सोयीबद्दल तक्रार नाही. सह्याद्रीतली ती रेल्वे बांधताना हजारो मजूर मेले, तेही विसरू नये. पण या घराला येणारं हे उतरणं, कासरा कधी सोडायचा, कुणाला पुढे घालायचं, ही विद्या कुठल्याही अहवालात लिहून ठेवलेली नाही, आणि ते मला फार लागतं.

रान लागतं, उतार मंदावतो. पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या अलीकडे गोण्या उतरतात. थोरला नातू एकेका खुरात अडकलेला खडा काढतो. आजा ओल्या पाठींवरून हात फिरवतो, तुमच्या थरथरत्या गुडघ्यांकडे बघतो आणि परतीचं सांगून टाकतो.

“मीठ घेऊन चढताना बैलाच्या मागं उबं ऱ्हायचं न्हाई, पावणं. कडंनं चालायचं. आन् दुमची न्हाई, छातीचा पट्टा आवळायचा.”