वेताचे कूळ, निर्गुडीचा फोक

बागेत वेल चढवायला विणलेला मनोरा, वाफ्याभोवती बुटके कुंपण, हिरवळीवर काड्यांचा मोर: इंदूरमध्ये अशा वस्तू स्वतः करायच्या म्हटले, की युरोपातली ‘विलो’ या झाडाच्या फोकांची विणकला शिकावी असे मनात येते. शिकण्याची हौस उत्तमच. पण ही कला परक्याची आणि आपण तिच्या दारात नव्याने उभे आहोत, हे गृहीतक मला पटत नाही. संस्कृत ‘वेतस’ आणि ‘वेत्र’, त्या ‘वेत्रा’चा आपला ‘वेत’, विलोला फारसीत म्हणतात तो ‘बीद’, ग्रीक ‘इतेआ’ आणि विलोच्या फोकांचे जुने इंग्रजी नाव ‘विदी’ ही सगळी एका मुळाची भावंडे आहेत, आणि त्या मुळाचा अर्थ आहे वळणे, पिळणे. इराणात आणि ग्रीसमध्ये नाव विलोला चिकटले, आपल्याकडे काटेरी, चढत जाणाऱ्या वेताला. झाड बदलले तरी नाव टिकले. कारण ते मुळात लवचीकपणाला, विणता येण्याला दिलेले होते.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे विलो होताच कुठे? होता, आणि आहे. आयुर्वेदातला जलवेतस म्हणून ओळखला जातो तो नदीकाठचा वाळुंज, म्हणजे ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’, विलोच्याच कुळातला. कालिदासाचा वेतस नेमका कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण ‘शाकुंतल’च्या तिसऱ्या अंकात शकुंतला ज्या लतामंडपात आहे, तो वेतसांनी वेढलेला आहे. बागेतल्या शोभेच्या कुंजाचे याहून सुंदर चित्र कोणते? ‘मेघदूता’त गंभीरा नदीच्या पाण्यावर वानीराच्या, म्हणजे वेताच्याच एका जातीच्या फांद्या लवलेल्या आहेत. ही गंभीरा, म्हणजे आजची गंभीर नदी, इंदूरकरांना परकी नाही: यशवंतसागर तिच्यावरच बांधला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्दांचे नाते म्हणजे हातांचे नाते नव्हे. हे मान्य, युरोपातल्या टोपलीवाल्याकडून आपल्या बुरुडाने काही घेतले, असा माझा दावा नाही. पण इथे कारागिरी स्वतंत्रपणे उभी आहे, आणि तिची सर्वांत जवळची खूण बांबूत नाही, निर्गुडीत आहे. बांबू चिरून त्याच्या कामट्या आणि बेळे काढावी लागतात. बागेच्या कामात विलोचा फोक मात्र अख्खा, गोल, सालीसकट विणतात. निर्गुडीचेही तसेच. धान्याची कणगी खेड्यापाड्यांत तिच्या ओल्या फोकांचीही विणत आणि मग शेणाने सारवत. निर्गुडीचे शास्त्रीय नाव ‘व्हायटेक्स निगुंडो’. त्यातले ‘निगुंडो’ आपल्याच निर्गुंडीचे रूप, आणि ‘व्हायटेक्स’ हे लॅटिन नाव गुंफणे या अर्थाच्या क्रियापदाचे, म्हणजे पुन्हा त्याच वेताच्या मुळाचे. भूमध्य समुद्राकाठी या झाडाच्या बहिणीच्या फांद्यांच्या टोपल्या विणत, म्हणून हे नाव पडले. दोन ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच कुळातले झाड निवडले. याहून मोठा पुरावा मला नको.

विणीतही तेच दिसते. एकच फोक उभ्या काड्यांच्या आतून-बाहेरून फिरवत न्यायचा, तर काड्यांची संख्या विषम लागते. सम असली तर दुसऱ्या फेऱ्यातही फोक त्याच बाजूला पडतो आणि वीण बसत नाही. हा नियम काडीचाच आहे, तिला देश नाही. इंग्रजी बागेतले विणलेले कुंपण पाहून नवल वाटणाऱ्याने कोकणातला कारवीचा कूड पाहावा. कुडाला मातीचा लेप मिळतो, कुंपणाला मिळत नाही, एवढेच अंतर.

उरला टिकण्याचा प्रश्न. पावसात निर्गुडी कुजेल, खरे आहे. विलोही कुजतो, युरोपातही बागेतले काम काही वर्षांनी नव्याने करावे लागते. विलोचे फोक वाळवून, भिजवून वापरता येतात, ही सोय मोठी आहे आणि विलोच्या विणकलेविषयीची पुस्तकेही भरपूर आहेत. पण माळव्याच्या उन्हात थंड प्रदेशातला विलो लावून त्याला जगवत बसण्यापेक्षा ओढ्याकाठची निर्गुडी कापणे शहाणपणाचे. आणि शिकायचेच असेल तर आधी इंदूरमधल्या बसोडांकडे जा. मराठीत ज्यांना आपण बुरूड म्हणतो, तेच हे लोक. सूप-टोपली घेताना घासाघीस करतो तशी शिकण्याच्या मोबदल्यात करू नका. गुरूला देतात तेवढे द्या.