दुष्काळ, प्लेग आणि पंडिता रमाबाई

आम्ही भिलाईकर मराठी मंडळी पोलादाच्या निमित्ताने इकडे आलो. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या त्या दुष्काळामुळे. १८९७ साली, दुर्ग अद्याप रायपूर जिल्ह्यात मोडत असता, त्यांनी या प्रांतातील निराधार मुली सोबत नेल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात सोय होईना, तेव्हा केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला; तेच पुढचे मुक्ती सदन.

अन्नदान अनेकांनी केले. बाईंचे मोठेपण आम्हांस दुसरीकडे दिसते. राज्यकर्ते त्यांच्याच ख्रिस्ती धर्माचे. तरी दीनांविषयीची त्या धर्माची शिकवण त्यांनी सरकारलाही लागू धरली आणि प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांची परवड त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघडपणे मांडली. प्रश्न पार्लमेंटात गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले.